इटलीतून आलेली अकरा रिळं: एका कुटुंबाचं प्रकरण

जुन्या फिल्म वाचवण्याचं काम मी करतो. कुटुंबाच्या परवानगीनं हे लिहितो आहे. नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. इतिहासातल्या व्यक्ती, जागा आणि तारखा तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

जुन्या घराची वाटणी होत होती. कपाटं रिकामी करताना एक गंजलेला बिस्किटांचा डबा निघाला आणि त्याच्याच मागे पेटीत ठेवलेला एक हातभर उंचीचा प्रोजेक्टर. डबा उघडला तसा शिरक्याचा उग्र वास आला. नातीला वाटलं, आत लोणच्याची बरणी फुटली असावी. आत फिल्मचं एक मोठं रीळ होतं. तिचे आजोबा डॉक्टर होते आणि दुसऱ्या महायुद्धात भारतीय लष्कराच्या वैद्यकीय सेवेत कॅप्टन म्हणून इटलीत होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी तिथे काढलेली फिल्म त्यांच्याकडूनच पाहिलेली मात्र आता घरात एकच व्यक्ती होती: त्यांची मुलगी, म्हणजे नातीची आत्या. वय ८६.

आत्यांच्या आठवणीत हा खेळ पक्का बसलेला होता. सुटीतल्या रात्री ओसरीच्या भिंतीवर धुतलेली चादर खिळ्यांना अडकवायची, शेजारची मुलं पुढे बसायची, आणि वडील मशीनशेजारी उभं राहून बोलायचे. फिल्म मुकी होती. आवाज त्यांचाच. कुठल्या खेचरानं कुणाला लाथ मारली, कुठल्या गावच्या बाईनं अंडी देऊन साखर मागितली, हे सगळं ते दर वेळी त्याच शब्दांत सांगत. मुलांना पाठ झालं होतं.

डॉक्टर ज्या फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये, म्हणजे आघाडीजवळच्या फिरत्या वैद्यकीय पथकात, होते ती आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेशी, तारान्तोला उतरली, एड्रियाटिक किनाऱ्यानं वर सरकत त्या हिवाळ्यात सांग्रो नदी ओलांडून गेली, मे १९४४ मध्ये कॅसिनो गावाजवळ गारी नदीवर लढली, पुढे फ्लॉरेन्सपर्यंत आणि शेवटी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती. सेनिओच्या बांधावर ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाठीवर आणलं, एकट्यानं मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावलं. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळालं. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय लष्कराच्या जवानांचे आहेत. आपल्याकडे युरोपातलं युद्ध म्हणजे गोऱ्यांचं युद्ध अशी समजूत अजून आहे, म्हणून हे सांगितलं.

आघाडीवर खासगी कॅमेरा बाळगण्यावर निर्बंध होते. म्हणूनही असेल, डॉक्टरांच्या फिल्ममध्ये लढाई जवळजवळ नाहीच. आहे ते लढायांच्या मधलं. चिखलात पोटापर्यंत रुतलेली खेचरं. तव्यावर टाकलेली रोटी आणि ती बघत उभी असलेली अनवाणी इटालियन पोरं. हेल्मेटमध्ये पाणी घेऊन दाढी करणारा जवान. सुटे भाग जोडून उभारलेल्या बेली पुलावरून एकामागून एक जाणाऱ्या ॲम्ब्युलन्स. सरकारी छायाचित्रकारांनी तोफा आणि सेनापती टिपले. जवान कपडे कसे वाळवत होता, हे टिपायला त्याच्यातलाच कुणी लागतो.

नेमकी अडचण काय होती

पहिली अडचण वासातच होती. आठ मिलिमीटरची फिल्म ॲसिटेटवर बनते. ती जळून भडका उडण्याचं भय नसतं, पण उष्णता आणि दमटपणात ॲसिटेट कुजतं आणि ॲसेटिक ॲसिड सोडतं, म्हणजे शिरक्याचाच वास. तेच ॲसिड कुजण्याचा वेग आणखी वाढवतं. फिल्म आकसते, कुरळी होते, मोडते. थांबवता येत नाही, थंडीत ठेवून मंद करता येतं.

दुसरी अडचण माणसाच्या हातची. साधारण वीस वर्षांपूर्वी कुटुंबातल्या एकानं हौसेनं ही रिळं एका दुकानात 'सीडी करायला' दिली होती. मूळची अकरा छोटी रिळं होती, प्रत्येक आपापल्या पिवळ्या खोक्यात, खोक्यावर डॉक्टरांच्या हस्ताक्षरात दोन-चार शब्द. दुकानदारानं सोयीसाठी अकराही टेपनं जोडून एक मोठं रीळ केलं, भिंतीवर दाखवून व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपलं आणि रिकामी खोकी टाकून दिली. त्या सीड्या आता उघडतही नाहीत. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. त्याला ते पॅकिंग वाटलं. पण कुठलं रीळ कुठलं, हे सांगणारे डॉक्टरांचे स्वतःचे शब्द त्या दिवशी कचऱ्यात गेले.

तिसरी अडचण आत्यांची दृष्टी. एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं, दुसऱ्याचं काय होईल ते डोळ्यांचे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. फिल्म आणि तिचा आमच्या हाताशी असलेला एकमेव साक्षीदार, दोघांचाही वेळ संपत होता.

आणि चौथी गोष्ट आत्यांनीच पहिल्या भेटीत सांगितली. खेळात एका जागी वडील मशीनपुढे हात आडवा धरत. चादर काळी होई आणि त्यांच्या बोटांच्या कडा उजेडानं लाल दिसत. मुलं मोठ्यानं आकडे मोजत. मग हात बाजूला होई आणि वडील पुढचं बोलू लागत. "तिथं काय होतं, आम्ही कधी विचारलं नाही," आत्या म्हणाल्या. "आई म्हणायची, मेलेलं खेचर आहे, पोरांनी बघू नये."

कोणते पर्याय होते

घरातल्या तरुणांचा आग्रह होता की प्रोजेक्टर चालतो का ते आजच बघू. हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला. आकसलेल्या फिल्मची कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांत नीट बसत नाहीत. एक टक्का आकसली तरी धोका असतो, दाते भोकं फाडत जातात. ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू पाच मिनिटांत संपते. जुनं रीळ सापडल्यावर प्रत्येकाला पहिला मोह हाच होतो, आणि सर्वांत जास्त नुकसान याच एका क्षणी होतं.

मग उरले तीन मार्ग. एक, रीळ आहे तसं संग्रहालयाला द्यायचं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे, आणि विषय इटलीच्या मोहिमेचा असल्यानं लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमचाही विचार झाला, तिथे सैनिकांच्या हौशी फिल्म जपलेल्या आहेत. हा मार्ग लांबचा विचार करता उत्तम. पण कुठल्याही संस्थेत आवक, तपासणी आणि क्रम लागतो, आणि आत्यांच्या डोळ्याला तेवढी सवड नव्हती. दोन, दात्यांशिवाय चालणाऱ्या स्कॅनरवर, थंड प्रकाशात, एकेक चौकट टिपून घ्यायची. खर्चिक, आणि दुरुस्ती धरून सहा-सात आठवड्यांचं काम. तीन, आधी घाईची कमी दर्जाची प्रत काढून आत्यांना दाखवायची, मग चांगली.

मी दुसरा सुचवला. कारण फिल्म जितक्या वेळा हाताळाल तितकी ती झिजते, आणि स्कॅन एकदाच, नीट व्हावा असं शिकलो होतो. तत्त्व बरोबरच आहे. इथे ते लावण्यात माझं चुकलं, त्याबद्दल शेवटी लिहितो.

काय केलं

आधी रीळ डब्यातून काढलं आणि घरातल्या इतर फोटो-निगेटिव्हपासून वेगळं केलं, कारण ती वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते. नवीन प्लास्टिकच्या डब्यात, सोबत ॲसिड तपासायची कागदी पट्टी घालून चोवीस तास ठेवलं. निळी पट्टी हिरवी होत पिवळ्याकडे झुकली. म्हणजे कुजणं वेग घेत होतं. स्कॅनची तारीख मिळेपर्यंत ते दुहेरी हवाबंद पिशवीत, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. नातीच्या सासूबाईंनी त्यासाठी कप्पा रिकामा करून दिला आणि वर चिठ्ठी डकवली: 'हे खाण्याचं नाही, हलवू नका.' अशी पिशवी बाहेर काढली की लगेच उघडायची नसते. आतली फिल्म खोलीच्या तापमानाला यायला एक दिवस द्यायचा, नाहीतर तिच्यावर पाणी धरतं.

स्कॅन आल्यावर प्रश्न उभा राहिला तो क्रमाचा. दुकानदारानं अकरा रिळं कुठल्या हिशेबानं जोडली कुणास ठाऊक. बर्फानंतर द्राक्षं, द्राक्षांनंतर पुन्हा चिखल.

इथे त्या फिल्मची रचनाच कामी आली. त्या काळचं आठ मिलिमीटरचं रीळ खरं तर १६ मिलिमीटर रुंद आणि २५ फूट लांब यायचं. आधी एका अर्ध्या बाजूवर चित्रण व्हायचं, मग कॅमेरा उघडून रीळ उलटं घालायचं आणि दुसरा अर्धा भाग वापरायचा. धुऊन झाल्यावर प्रयोगशाळेत ते मधोमध उभं चिरून दोन्ही पट्ट्या जोडल्या की ५० फूट फिल्म व्हायची. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर साधारण चार मिनिटं. रीळ घालताना, उलटताना, काढताना कडेला उजेड लागतो, म्हणून प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पांढरी झळ येते, कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मवर नारिंगी. दुकानदारानं बऱ्याच ठिकाणी त्या झळा कापल्या नव्हत्या. त्या झळा आणि टेपचे जोड यांवरून अकराही रिळांच्या सीमा सापडल्या. नऊ काळी-पांढरी, दोन रंगीत. रंगीत रिळं पाहून सगळे अवाक झाले, कारण कोडाक्रोमचा रंग अंधारात ठेवला तर वर्षानुवर्षं उतरत नाही. एका जवानाच्या खाकी बाहीवरचं तांबडं निशाण काल शिवल्यासारखं दिसतं.

मग आतला क्रम. फिल्मच्या कडेला कोडॅकची छोटी चिन्हं असतात, गोल, चौकोन, त्रिकोण, त्यांवरून फिल्म कधी बनली ते कळतं. मात्र चिन्हं दर २० वर्षांनी पुन्हा येतात, १९४३ ची आणि १९६३ ची सारखीच, आणि बनलं ते वर्ष म्हणजे वापरलं ते वर्ष नव्हे. म्हणून दृश्यांतले पुरावे जुळवले. एका रिळात वेसुवियस हा ज्वालामुखी जाड धूर ओकतो आहे. त्याचा शेवटचा उद्रेक मार्च १९४४ चा, त्यानंतर तो आजतागायत शांत आहे. म्हणजे हे चित्रण त्याच वसंतातलं किंवा आधीचं. दुसऱ्यात फ्लॉरेन्स आहे, पोन्ते वेक्किओ हा तिथला जुना पूल उभा पण दोन्ही टोकांना ढिगारे, बाकीचे पूल पाण्यात. जर्मनांनी ते पूल ३ ते ४ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उडवले. म्हणजे हे त्यानंतरचं.

आणि एक केस. अगदी खराखुरा, बहुधा कॅमेऱ्याच्या झरोक्यात अडकलेला, चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजी जे अक्षरासारखा वळलेला. अकरांपैकी चार रिळांत तो सलग आहे, बाकीत नाही. म्हणजे ती चार रिळं लागोपाठ काढलेली आणि मग कधीतरी डॉक्टरांनी कॅमेरा साफ केला. वेसुवियस त्या चारांपैकी एका रिळात असल्यानं उरलेल्या तीन रिळांनाही जागा मिळाली. घरच्या मुलाला 'स्वच्छ' प्रत हवी होती, त्यानं झळा आणि तो केस काढून टाकायला सुचवलं होतं. मूळ प्रतीतून एकही चौकट काढायची नाही, हे सुरुवातीलाच लेखी ठरवलं होतं म्हणून ते सगळं वाचलं.

काही गोष्टी मोकळ्या सोडल्या. एका रंगीत तुकड्यात चौकोनी मनोऱ्याचा जुना वाडा दिसतो. घरात सांगत आले होते की 'आपल्या मराठ्यांनी मोठ्या मोठ्या चित्रांवर पहारा दिला'. या गोष्टीला इतिहासाचा आधार आहे: १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोन्तेगुफोनीच्या गढीत उफ्फिझी या फ्लॉरेन्सच्या कलासंग्रहालयातली चित्रं ठेवलेली सापडली, बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' त्यांत होतं, आणि तो भाग आठव्या भारतीय डिव्हिजनच्या हाती होता. पण तुकडा सहा सेकंदांचा, मनोरा अर्धाच. तसे मनोरे तोस्काना या फ्लॉरेन्सच्या प्रांतात पुष्कळ. नोंदीत 'शक्यता' एवढाच शब्द लिहिला.

मधेच झालेला घोळ

हे काम चालू असताना कुटुंबातल्या एकानं फोनवर टिपलेला वीस सेकंदांचा तुकडा नातेवाइकांच्या गटात टाकला. बर्फात खेचराशेजारी उभा, मिशीवाला, मोकळेपणानं हसणारा जवान. खाली ओळ होती: 'हे वीर यशवंत घाडगे.' तासाभरात तो गटाबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी लोक फोन करून अभिनंदन करू लागले.

लिहिणाऱ्याचा अभिमान खरा होता. पण ओळख चुकीची होती, आणि हे पडताळायला फार वेळ लागत नव्हता. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे मराठ्यांच्या तिसऱ्या बटालियनचे, दहाव्या भारतीय डिव्हिजनमधले. ही डिव्हिजन इटलीत आली १९४४ च्या वसंतात. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपल्या तुकडीतले सगळे पडल्यावर त्यांनी एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि ते ठाणं जिंकून तिथेच धारातीर्थी पडले, तो दिवस १० जुलै १९४४. म्हणजे त्यांनी इटलीतला हिवाळा पाहिलाच नाही. बर्फातला हसरा जवान ते असूच शकत नाहीत.

इथे दोन मतं पडली. काही म्हणाले, जाऊ द्या, लोकांना चांगलंच वाटतंय. नात ठाम राहिली. तिचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटलं: त्या हसणाऱ्या माणसाचंही स्वतःचं नाव आहे, आणि दुसऱ्याचं नाव चिकटलं की त्याचं कायमचं बुजतं. तिनं त्याच गटात दुरुस्ती टाकली, कारणासह, आणि ज्यांनी पुढे पाठवलं होतं त्यांना एकेकाला फोन केला. तरी तो तुकडा अजून अधूनमधून फिरतो.

हातामागचे अकरा सेकंद

तो भाग दुकानदारानं जोडलेल्या क्रमातल्या नवव्या रिळात सापडला. खेचर नव्हतं.

नदीकाठी रचलेली चिता आहे, लाकडं ओली असावीत, कारण धूर फार आहे. दहा-बारा जवान हेल्मेट काढून उभे आहेत. एकानं पागोटं बांधलं आहे. पहिला शॉट दुरून. दुसरा जवळून, आणि त्यात चितेवरच्या मुलाचा चेहरा स्पष्ट दिसतो, कपाळाला बुक्का लावलेला. वय विशीच्या आसपास. मग कॅमेरा खाली जातो, बुटांवर, चिखलावर, आणि बंद होतो. सगळं मिळून १७६ चौकटी, अकरा सेकंद.

हे कळल्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर चर्चा झाली ती मोकळेपणानं झाली. डॉक्टरांच्या एका नातवाचं म्हणणं: हा इतिहास आहे, आपली पोरं परक्या मातीत गेली हे जगानं बघू दे. नात म्हणाली, त्याच्या घरच्यांनी न पाहिलेला चेहरा जगानं आधी का पाहावा? तिसरा विचार चेहरा धूसर करण्याचा होता. तो आत्यांना अजिबात पटला नाही. "अरे, त्याला पुसू नका," एवढंच म्हणाल्या.

मला सॅम्युएल फुलर आठवला. पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेला हा अमेरिकन जवान आईनं पाठवलेल्या १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं मे १९४५ मध्ये फाल्केनाऊच्या नाझी छळछावणीत चित्रण करत होता. आम्हाला काही माहीतच नव्हतं असं म्हणणाऱ्या गावकऱ्यांना त्याच्या कॅप्टननं मृतांना कपडे घालून सन्मानानं पुरायला लावलं, ते सगळं त्यानं टिपलं. ते रीळही चाळीसेक वर्षं बाहेर आलं नव्हतं. तिथे मृतांचे चेहरे दाखवणं भागच आहे, कारण ती फिल्म गुन्ह्याची साक्ष आहे आणि नाकारणाऱ्यांना दिलेलं उत्तर आहे. डॉक्टरांचे अकरा सेकंद वेगळे. तो सोबत्यांनी दिलेला निरोप आहे, त्या मुलाच्या आईबापांना जो देता आला नाही तो. एकच कसोटी दोन्हीकडे लावता येत नाही.

शेवटी निर्णय झाला तो डॉक्टरांच्याच वागण्यावरून. कात्री त्यांच्या हातात होती. त्यांनी तो भाग कधी कापला नाही, आणि कधी दाखवलाही नाही. आम्ही तेच करायचं ठरवलं. मूळ प्रतीत १७६ चौकटी जशाच्या तशा. लोकांना दाखवायच्या प्रतीत त्या जागी अकरा सेकंद काळोख, आणि खाली एक ओळ की इथे एका जवानाचा अंत्यसंस्कार आहे आणि त्याच्या कुटुंबाचा शोध चालू आहे. आत्यांनी त्या अकरा सेकंदांवर काही बोलायला नकार दिला. ध्वनिमुद्रणात तिथे फक्त पंख्याचा आवाज आहे.

शोध असा चालू आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी कुणालाही पाहता येतात, आणि भारतीय जवानांच्या नावापुढे बऱ्याचदा वडिलांचं नाव आणि गावही असतं. सांग्रो नदीच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीयांची नावं कोरलेली आहेत. नववं रीळ सांग्रोच्या हिवाळ्यातलं आहे असं धरून, बुक्क्यावरून मुलगा वारकरी घरातला असावा असं धरून आम्ही मराठा बटालियनची नावं चाळली. यातली दोन्ही गृहीतकं डळमळू शकतात. यादी खाली आली, पण एका नावावर आली नाही. लष्करी तुकड्यांच्या युद्धदैनंदिनी लंडनमध्ये केव येथील नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. त्या फील्ड ॲम्ब्युलन्सची पानं मागवली आहेत.

काय हाती लागलं

४१ मिनिटांची पूर्ण प्रत झाली. तीन ठिकाणी ठेवली आहे, दोन वेगवेगळ्या गावांतल्या घरांत आणि एक एका संस्थेकडे. मूळ रीळ संस्थेच्या थंड साठ्यात देण्याबद्दल चारही वारसांच्या सह्या झाल्या आहेत. तोवर ते सासूबाईंच्या कप्प्यातच आहे.

आत्यांचा आवाज दोन बैठकांत मिळाला. आणि इथे एक गोष्ट कळली, ती माझ्या इतक्या वर्षांच्या कामात सुचली नव्हती. आम्ही चित्रणाचा क्रम मोठ्या कष्टानं लावला होता. आत्या म्हणाल्या, "हे असं नव्हतं. आधी धुराचा डोंगर, मग खेचरं, मग पोरं, मग फ्लॉरेन्स. शेवट नेहमी बोटीवर." डॉक्टरांनी घरी दाखवताना स्वतःचा वेगळा क्रम लावला होता. लहान मुलांना आधी ज्वालामुखी, शेवटी घराकडे निघालेली बोट. मधला चिखल आणि बर्फ त्यांनी पांगवून टाकला होता, सलग दोन चिखलाची रिळं येऊ दिली नव्हती. तो क्रमही दस्तऐवजच. युद्धात माणसानं काय पाहिलं ते एका क्रमात आहे, घरी येऊन त्यानं मुलांना काय सोसवेल ते कसं ठरवलं ते दुसऱ्यात. आता दोन प्रती आहेत, एक चित्रणाच्या क्रमानं, एक ओसरीच्या क्रमानं. ओसरीच्या प्रतीवर आत्या बोलतात.

पुन्हा करायचं झालं तर

मी आत्यांशी आधी बोललो असतो. फिल्म दाखवण्याआधी, नुसतं डोळे मिटून आठवायला सांगितलं असतं. चित्र समोर आलं की आठवण चित्रामागे फरफटत जाते. स्कॅन पाहिल्यावर आत्यांना विचारलं की वडील इथे काय म्हणत, तर त्या जे दिसतंय तेच सांगू लागायच्या, आणि मग थांबून म्हणायच्या, "नाही रे, ते वेगळं काहीतरी म्हणायचे." ते वेगळं काहीतरी काही ठिकाणी कायमचं निसटलं.

पहिली बैठक सगळ्या कुटुंबासमोर घेतली, हीही चूक. प्रत्येकजण दुरुस्त करत होता, नातवंडं नावं सुचवत होती, आणि आत्या दमून 'हो, असेल' म्हणू लागल्या. त्या बैठकीतलं निम्मं मुद्रण वापरता आलं नाही. दुसऱ्या वेळी फक्त नात आणि मी, सकाळी चहानंतर, चाळीस मिनिटं. तेवढंच पुरेसं होतं.

आणि घाईची प्रत काढायला हवी होती. उत्तम स्कॅनची वाट पाहण्यात सात आठवडे गेले, त्या काळात आत्यांची नजर आणखी अधू झाली. फ्लॉरेन्सच्या रिळात पुलावर उभा असलेला माणूस वडीलच आहेत का, हे त्यांना ओळखता आलं नाही. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं, मान हलवली, आणि म्हणाल्या, उभं राहण्याची ढब त्यांची आहे. दात्यांशिवायच्याच यंत्रावर कमी दर्जाची प्रत पहिल्या आठवड्यात मिळू शकली असती. फिल्मला त्यानं फारसा धक्का लागला नसता.

आत्यांच्या धाकट्या बहिणीकडे, बडोद्याला, वडिलांचा आणखी एक डबा असल्याचं परवा कळलं. त्यात काय आहे ते माहीत नाही. डबा उघडू नका, थंड कोरड्या जागी ठेवा आणि त्यावरचा कागदाचा कपटाही काढू नका, एवढं फोनवर सांगितलं आहे. पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. डबा नंतर, आधी त्यांच्याशी बोलणं.